सर्व फलाट भरले. आता वाट कोणी द्यावी?

आगगाडीचे स्थानक गाड्यांनी भरलेले पाहिले म्हणजे सामान्य मनुष्यास समाधान वाटते. पेठेत मालाच्या गाड्यांची दाटी दिसली की व्यापार तेजीत आहे असे जसे आपण समजतो, तसेच प्रत्येक फलाटास गाडी लागलेली दिसली की रेल्वेचा कारभार भरभराटीस आला आहे असा आपला ग्रह होतो. परंतु पेठेतील दाटी दोन कारणांनी होत असते. एक तर माल भराभर उतरत असतो म्हणून, किंवा पुढचा रस्ता अडलेला असतो म्हणून. लांबून पाहणारास दोन्ही देखावे सारखेच दिसतात. ज्याचा माल गाडीत कुजत पडलेला असतो त्यास मात्र त्यांतील भेद तत्काळ कळतो. गौरी-गणपतीच्या दिवसांत महाड तालुक्यातील कोकण रेल्वेच्या स्थानकांवर जो देखावा दिसतो तो या दोहोंपैकी कोणत्या जातीचा, आणि त्याचा दोष कोणाच्या पदरी घालावयाचा, याचा विचार आज करावयाचा आहे.

महाड हे जुन्या व्यापाराचे गाव. सावित्री नदीच्या पाण्याने दासगावापर्यंत गलबते येत आणि तेथून माल घाटावर चढे. १९२७ सालच्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी महाडास आले तेही मुंबईहून बोटीने निघून दासगावास उतरले. त्या काळी प्रवाशाचे नशीब भरती-ओहोटीच्या हाती असे; धक्का भरलेला असला की मागून येणाऱ्या गलबतास खाडीत नांगर टाकून बसावे लागे. पुढे बंदर मागे पडले आणि लोकांनी आपली आशा रेल्वेवर ठेवली. १९८६ साली रोह्यापर्यंत रूळ आले, १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळुरूकडे जाणारा संपूर्ण मार्ग खुला झाला. डोंगर पोखरून आणि नद्या ओलांडून बांधलेल्या या मार्गाचा अभिमान प्रत्येक कोकणवासीयास आहे व तो असावा. तथापि अभिमानाने डोळे झाकावयाचे नसतात. नांगर टाकून बसण्याची जी पाळी पूर्वी गलबतांवर येत असे ती आता गाड्यांवर येत आहे, आणि तीही भरतीच्या ऐन दिवसांत.

महाड शहरास रूळ शिवत नाहीत. शहराचे स्थानक म्हणून जे वीर, ते दहा-बारा किलोमीटर दूर आहे. त्यापुढे सापे वामणे, करंजाडी आणि विन्हेरे ही स्थानके याच तालुक्यात येतात. पोलादपूर तालुक्याच्या वाट्यास तर स्थानकच आले नाही. आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या पायथ्याशी वसलेल्या पोलादपूरकरास आगगाडी गाठावयाची तर आधी एसटीने किंवा खाजगी गाडीने महाडाकडे यावे आणि मग स्थानकाचा रस्ता धरावा लागतो. इतका खटाटोप करून जो मनुष्य फलाटावर येतो त्याच्या दृष्टीने फलाटास लागलेली गाडी म्हणजे काय, हे मुंबईच्या कचेरीत बसून वेळापत्रक आखणाऱ्यांस समजून घ्यावे लागेल.

आता फलाट भरतात कसे ते पाहू. कारण कार्यकारणभाव कळल्यावाचून केलेली तक्रार ही नुसती ओरड ठरते. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी आहे. दोन स्थानकांमधील टापूत एका वेळी एकच गाडी असावयाची, हा सुरक्षिततेचा नियम. म्हणून समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांची गाठ स्थानकातच घालावी लागते. एकीस बाजूच्या मार्गिकेवर उभे करावयाचे आणि दुसरीस पुढे काढावयाचे. यालाच आपले लोक ‘क्रॉसिंगला थांबली’ असे म्हणतात. याचा अर्थ असा की, एकेरी मार्गावरील स्थानक हे केवळ चढण्या-उतरण्याचे ठिकाण नसून मार्गाने श्वास घेण्याची जागा आहे. स्थानकात तीन मार्गिका असतील तर तीन गाड्या मावतील. तिन्ही भरल्या की चौथी गाडी स्थानकाबाहेर सिग्नलपाशी उभी राहणार. आणि ती ज्या टापूत उभी आहे तो टापू अडल्यामुळे मागची गाडी मागच्या स्थानकात खोळंबणार. लहान मुलांच्या सरकत्या चौकटींच्या खेळात एक घर रिकामे ठेवावेच लागते; ते भरले की एकही सोंगटी हलत नाही. रेल्वेच्या नियंत्रकाचे सारे कौशल्य हे एक रिकामे घर राखण्यात असते. ज्या दिवशी लागोपाठच्या स्थानकांतील सर्व मार्गिका भरतात, त्या दिवशी त्याच्या कौशल्यास हालचाल करण्यास जागाच उरत नाही.

एकेरी मार्गावरून दिवसास किती गाड्या जातील याचा अदमास काढण्याची एक जुनी रीत आपल्या रेल्वेत रूढ आहे. सर्वांत मंद गाडीस सर्वांत कठीण टापू ओलांडण्यास लागणारी मिनिटे घ्यावयाची, त्यांत सिग्नल व टापू-यंत्रणेच्या कामाची मिनिटे मिळवावयाची, त्या बेरजेने दिवसाच्या १४४० मिनिटांस भागावयाचे, आणि येईल त्याच्या शेकडा ७० इतक्याच गाड्या व्यवहारात धरावयाच्या. समजा, टापू ओलांडण्यास १५ मिनिटे आणि यंत्रणेस ५ मिनिटे लागतात. तर दोन्ही दिशा मिळून सुमारे ५० गाड्या होतात. पावसामुळे गाडीचा वेग उतरला आणि त्याच टापूस २० मिनिटे लागू लागली, तर ही संख्या ४० वर येते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु त्यांतून निघणारा सिद्धांत कोणत्याही व्यापाऱ्यास पटण्यासारखा आहे. दुकान तेच आणि नोकर तेच, पण प्रत्येक गिऱ्हाइकास पाच मिनिटे अधिक लागू लागली, तर रांग रस्त्यावर जाणारच.

आणि येथेच कोकणच्या दुर्दैवाचा योग जुळून येतो. गणेशचतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरास आली, २०२४ साली ७ सप्टेंबरास आणि २०२५ साली २७ ऑगस्टास. तिन्ही वेळा ती कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाच्या ऐन मध्यात पडली. म्हणजे ज्या दिवसांत मार्गाची शक्ती सर्वांत कमी, त्याच दिवसांत त्याच्यावर सर्वांत मोठा भार पडतो. सणासाठी देशभरातील रेल्वेने सोडलेल्या जादा फेऱ्या २०२३ साली ३०५ होत्या, २०२४ साली ३५८ झाल्या आणि २०२५ साली ३८० जाहीर झाल्या. फेऱ्या वाढल्या याबद्दल रेल्वेस धन्यवाद देणे हे आमचे कर्तव्य आहे. परंतु गाड्या वाढविल्या आणि रूळ तेवढेच ठेवले, तर त्या गाड्या जाणार कोठे? त्या स्थानकात उभ्या राहणार. घरी पाहुणे वाढले म्हणून पाट अधिक मांडले, पण चूल एकच ठेवली, तर पंगत बसते खरी. ताट मात्र वेळेवर येत नाही.

पावसात गाड्या सावकाश चालवितात हा मात्र रेल्वेचा अपराध समजू नये. १६ जून २००४ रोजी करंजाडीनजीक रुळांवर आलेल्या दरडीमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेसला झालेला अपघात महाडकर विसरलेले नाहीत. त्याच्या आदल्याच वर्षी वैभववाडीजवळ तशाच कारणाने अनेक प्रवाशांचे प्राण गेले होते. तेव्हा मंद वेग हवाच. हवे आहे ते असे की, मंद वेग गृहीत धरून मार्गाची शक्ती आधीच वाढवून ठेवावी. पावसाळा काही आगाऊ सूचना न देता येणारा पाहुणा नव्हे, आणि गणपतीची तिथीही पंचांगात आधीच छापलेली असते.

आता वीरकडे वळू. रोह्यापासून वीरपर्यंतच्या सुमारे ४७ किलोमीटर मार्गाचे दुहेरीकरण २०२१ च्या ऑगस्टात पूर्ण झाले. हे काम चांगले झाले यात संशय नाही. परंतु वीरच्या दक्षिणेस मार्ग पुन्हा एकेरीच राहिला. दोन पदरी वाट जेथे एका पदराची होते तेथे दाटी व्हावयाचीच, हे सांगण्यास अभियंता लागत नाही. मुंबई-गोवा रस्त्यावर प्रवास करणाऱ्या कोणासही ते ठाऊक आहे. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या दुहेरी मार्गावरून एकीमागून एक मोकळ्या येतात आणि वीरास येऊन पुढच्या एकेरी टापूच्या परवानगीची वाट पाहतात. पूर्वी ही प्रतीक्षा रोह्यास होत असे. ती आता आमच्या दाराशी आली. बाटलीचा गळा काढून टाकण्याऐवजी तो थोडा पुढे सरकविला, एवढेच काय ते झाले. पुढे विन्हेरे ओलांडल्यावर नातूवाडीचा चार किलोमीटरांहून लांब बोगदा लागतो, व तेथे दुसरा रूळ घालणे म्हणजे दुसरा बोगदा खणणे आहे. काम खर्चाचे व कष्टाचे आहे हे आम्ही कबूल करतो. परंतु कठीण भाग पुढे आहे म्हणून सोप्या भागाच्या शेवटी कायमचा मुक्काम ठोकणे हे कार्यकर्त्यांचे लक्षण नव्हे.

या खोळंब्यात आमच्या तालुक्यांवर दुहेरी अन्याय होतो. एकेरी मार्गामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या करंजाडी-विन्हेऱ्यासारख्या लहान स्थानकांत क्रॉसिंगसाठी थांबविल्या जातात. हा थांबा रेल्वेच्या सोयीचा; त्यास ‘तांत्रिक थांबा’ हे नाव आहे. त्या गाडीचे तिकीट त्या स्थानकावरून मिळत नाही, व वेळापत्रकात त्या स्थानकाचे नावही नसते. गाडी डोळ्यांसमोर उभी राहते, मुंबईस जावयाचा मनुष्य फलाटावर उभा असतो, आणि कायद्याने त्या दोघांची ओळख नसते! पूर्वी दादरपर्यंत जाणारी रत्नागिरी पॅसेंजर टाळेबंदीनंतर दिव्यापर्यंतच धावू लागली, तेव्हा सामान्य प्रवाशाच्या डोक्यावर बोचकी घेऊन लोकल गाडीत शिरण्याचे आणखी एक ओझे पडले. गाड्यांची वाट आमच्या गावांतून जाते, गाड्यांचा खोळंबा आमच्या फलाटांवर होतो, परंतु गाड्यांचा उपयोग मात्र आम्हांस नाही. ज्याच्या अंगणातून वरात जाते त्याने धूळ तेवढी खावी, असा हा न्याय आहे.

एक जागा अडली की संपूर्ण मार्गाची काय अवस्था होते, याचे पुरावे अलीकडचेच आहेत. ३० सप्टेंबर २०२३ रोजी पनवेल-कळंबोली दरम्यान मालगाडी रुळांवरून घसरली. अनंतचतुर्दशी होऊन दोनच दिवस झाले होते. चाकरमानी मुलाबाळांसह परतत होते. कोकणातून येणाऱ्या गाड्या ठिकठिकाणी तासन्‌तास उभ्या राहिल्या. पुढे १४ जुलै २०२४ रोजी दिवाणखवटी व विन्हेरे यांच्या दरम्यान बोगद्यानजीक दरड कोसळली आणि कोकणचा संपूर्ण लोहमार्ग सुमारे चोवीस तास बंद पडला. निसर्गास कोणी समन्स बजावू शकत नाही. परंतु जेथे दुसरा रूळ असतो, व स्थानकांत राखीव मार्गिका असते, तेथे एक आघात एका जागेपुरता राहण्याची आशा असते. जेथे प्रत्येक घर आधीच भरलेले असते, तेथे एका ठिकाणची चूक किंवा आपत्ती शंभर मैल मागे जाऊन पोहोचते.

शिवाय भरलेल्या स्थानकात केवळ वेळच जातो असे नाही; प्राणही जातात. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी रात्री नवी दिल्ली स्थानकावर प्रयागच्या कुंभमेळ्यास निघालेल्या यात्रेकरूंची चेंगराचेंगरी होऊन १८ जण मृत्युमुखी पडले. दिल्ली हे राजधानीचे स्थानक. तेथे जर ही गत, तर अरुंद फलाटाच्या, अपुऱ्या दिव्यांच्या, आणि पावसात निसरड्या होणाऱ्या लहान स्थानकांत एकाच वेळी दोन-तीन भरगच्च गाड्या उभ्या राहिल्या, आणि एका फलाटावर येणारी गाडी ऐन वेळी दुसऱ्यावर घेतल्याची घोषणा झाली, तर काय होईल याची कल्पना अधिकाऱ्यांनी अनर्थ होण्यापूर्वीच केलेली बरी.

कोणी म्हणेल की, सर्व फलाट एकाच वेळी भरणे टाळता येणेच शक्य नाही. यावर आमचे उत्तर असे की, ते टाळणे हा मुद्दाच नाही. स्वित्झर्लंड हा डोंगरांचा देश. क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. तेथे १९८२ सालापासून देशभर ठराविक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत आहे, आणि २००४ सालच्या डिसेंबरात तिचा मोठा विस्तार झाला. मोठ्या स्थानकांत चोहोंकडच्या गाड्या तास भरण्याच्या थोड्या आधी येतात, प्रवासी एका गाडीतून दुसरीत जातात, आणि तास उलटताच गाड्या चोहोंकडे निघून जातात. त्या काही मिनिटांत तेथील फलाट जाणूनबुजून भरविलेले असतात. पुढल्या काही मिनिटांत ते रिकामे होतात. या व्यवस्थेसाठी त्यांनी आधी वेळापत्रक ठरविले, आणि त्या वेळापत्रकास लागेल तेथे रूळ व बोगदे बांधले. झुरिकहून बर्नला जाण्याचा वेळ तासाच्या आत आणावयाचा असे ठरले, म्हणून नवा मार्ग घातला गेला. आमच्याकडे क्रम उलटा आहे. गाड्या आधी जाहीर होतात, आणि त्यांस वाट कोठून द्यावयाची हा प्रश्न नियंत्रकाच्या व स्टेशनमास्तराच्या माथी मारला जातो. त्यांचे भरलेले फलाट हे संगमाचे चिन्ह आहे, आमचे भरलेले फलाट हे कोंडीचे. डोंगर दोन्हीकडे आहेत. फरक योजनेचा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. वर्षातील पंधरा दिवसांच्या गर्दीसाठी कोट्यवधी रुपये का खर्चावे, असे काही शहाणे विचारतात. त्यांस आमचा प्रतिप्रश्न आहे : पूल बांधताना पाणी उन्हाळ्याचे धरतात की पुराचे? महाडास हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. कारण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर माणसांनी भरलेल्या एसटी गाड्या गेल्या. पुराचा हिशोब न करणाऱ्यास पूर हिशोब शिकवितो. आणि मार्गावर केवळ सणाचे प्रवासीच असतात असेही नाही. मालगाड्या आहेत, कोलाडहून ट्रक वाहून नेणारी गाडी १९९९ सालापासून आहे, केरळपर्यंतची वाहतूक आहे. व्यापाऱ्याचा माल क्रॉसिंगला पडून राहिला तर त्याचे व्याज रेल्वे देत नाही.

कायद्याचेही दोन शब्द बोलणे आम्हांस प्राप्त आहे. प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती प्रवासी न्यावयाचे ते रेल्वेने ठरवावे व तो आकडा डब्यावर दर्शवावा, असे १९८९ च्या रेल्वे कायद्याचे ५७ वे कलम सांगते. तिकीटाविना प्रवास करणाऱ्यास दंड करताना कायद्याची आठवण तत्परतेने होते. मग हे कलम गणपतीच्या दिवसांत कोणत्या कपाटात असते? महात्मा गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचे हाल जगापुढे मांडले, तेव्हा रेल्वे परक्यांची होती आणि दोष देणे सोपे होते. आज रेल्वे आपली आहे. म्हणूनच तिचा कान धरण्याचा अधिकार आणि तसे करण्याचे कर्तव्य ही दोन्ही आपल्याकडे आली आहेत.

तर मग करावे काय? पहिली गोष्ट, वीरच्या पुढील दुहेरीकरणास निश्चित मुदत व निश्चित रक्कम जाहीर व्हावी. निदान खेडपर्यंतच्या कामास अग्रक्रम मिळावा. दुसरी, ते होईपर्यंत मधली स्थानके वाढवावीत व असलेल्या स्थानकांत मार्गिका वाढवाव्यात. सापे वामणे हे वीर व करंजाडी यांच्यामधील क्रॉसिंग स्थानक झाले, हा याच दिशेचा योग्य उपाय होता. वर दिलेल्या हिशोबात १५ मिनिटांचा टापू मध्ये स्थानक घालून ८ मिनिटांवर आणला, तर ५० गाड्यांचे ७७ होतात. एवढी बरकत थोड्या खर्चात दुसऱ्या कोणत्या उपायाने येईल? तिसरी गोष्ट, जेथे गाडी क्रॉसिंगसाठी नेमाने थांबते तेथे तिला सणाच्या दिवसांत तरी प्रवाशांचा थांबा द्यावा. यात रेल्वेचा एक मिनिटही जात नाही. चौथी, गणेशोत्सवात सोडलेल्या दिवा-चिपळूण मेमूसारख्या अनारक्षित गाड्या सणापुरत्या न ठेवता वर्षभर चालवाव्यात. पाचवी, क्रॉसिंगच्या प्रत्येक मार्गिकेस पुरेशा उंचीचा व लांबीचा फलाट आणि पादचारी पूल असावा. कारण मार्गिका भरलेली असताना रूळ ओलांडणाऱ्या म्हातारीस समोरून येणारी दुसरी गाडी दिसत नाही.

हे करावयाचे कोणी, असा प्रश्न राहतो. स्थापनेच्या वेळी कोकण रेल्वे महामंडळात केंद्राचा वाटा शेकडा ५१ होता, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. पाच धन्यांचे घर. त्यामुळे मोठ्या खर्चाच्या वेळी प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहावे हे ओघानेच आले. हे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या मे महिन्यात संमती दिली, आणि कोकण रेल्वे हे नाव कायम ठेवावे अशी अट घातली. नावाचा आग्रह योग्य आहे. परंतु नावाबरोबर दुसऱ्या रुळाचाही आग्रह तितक्याच ठसठशीत अक्षरांत मांडावयास हवा होता. पाटी टिकली आणि गाडी अडली, तर त्या पाटीचा काय उपयोग?

शेवटी आमच्या महाड-पोलादपूरच्या वाचकांस एक विनंती. आपल्याकडे गाऱ्हाणी चहाच्या दुकानात उत्तम मांडली जातात, परंतु कागदावर येत नाहीत; आणि जे कागदावर नाही ते सरकारदरबारी घडलेलेच नसते. व्यापारी मंडळींनी, शाळा-कॉलेजांतील तरुणांनी आणि मुंबईकर मंडळांनी येत्या गणेशोत्सवात वीर, सापे वामणे, करंजाडी व विन्हेरे या स्थानकांवर एक साधी वही ठेवावी. कोणती गाडी, कोणत्या तारखेस, किती वाजता आली, किती मिनिटे उभी राहिली, आणि त्या वेळी किती मार्गिका भरलेल्या होत्या, एवढेच तीत लिहावे. पंधरा दिवसांची ती वही खासदारांच्या हाती द्यावी, रेल्वे मंडळाकडे पाठवावी, आणि तिची प्रत वर्तमानपत्रांकडे द्यावी. ज्या फिर्यादीस तारीख, वेळ व साक्षीदार आहेत ती फेटाळणे कोणत्याही अधिकाऱ्यास सोपे जात नाही. सर्व फलाट भरलेले असताना वाट कोणी द्यावी, या प्रश्नाचे उत्तर आजवर प्रवाशाने दिले. त्याने आपला वेळ दिला, झोप दिली आणि सणाचा दिवस दिला. यापुढे ते उत्तर ज्यांच्या हाती रूळ आहेत त्यांच्याकडून घेतले पाहिजे.